तिन्ही बाजूंनी पाणी, रात्री बारानंतर लाईट

चारी बाजूंनी पाणी असलेल्या भूभागाला बेट म्हणतात, असे शाळेच्या भूगोलात दिलेले असते. या परीक्षेत इंदापूर तालुका अगदी थोडक्यात नापास होतो. उत्तरेला आणि पूर्वेला भीमा, दक्षिणेला नीरा, आणि दोघी जिथे भेटतात तिथे नीरा-नरसिंहपूर, म्हणजे पुणे जिल्ह्याचे पूर्वेचे टोक. चौथ्या बाजूला पाण्याऐवजी बारामती आहे. महाराष्ट्राच्या राजकारणात बारामती ही कुठल्याही जलाशयाहून खोल समजली जात असल्याने इंदापूरला बेटाचा दर्जा द्यायला कुणाची हरकत नसावी.

या बेटावर आठवडा सोमवारी सुरू होत नाही. तो दिवसपाळीने किंवा रातपाळीने सुरू होतो. शेतीपंपांची थ्री फेज वीज चक्राकार पद्धतीने येते: कधी दिवसा आठ तास, कधी रात्री आठ ते दहा तास. पाहुण्याने पारावर बसलेल्या आबांना "काय, बरंय ना?" असे विचारावे, तर उत्तर येते, "या आठवड्याला रातपाळी हाय." पीकपाणी, प्रकृती आणि घरातले वातावरण या तिन्हींचा अहवाल त्यात आलेला असतो.

उरलेल्या तासांना काय म्हणायचे, हा प्रश्न सरकारने फार पूर्वी सोडवला. २०१२ च्या अखेरीपर्यंत महाराष्ट्र भारनियमनमुक्त करण्याचे आश्वासन राज्याला मिळाले होते. शहरांत ते बरेचसे पाळलेही गेले. शेतीच्या बाबतीत शब्दच बदलला. पूर्वी लाईट जायची त्याला भारनियमन म्हणत. आता नसते त्याला वेळापत्रक म्हणतात. वेळापत्रकाविरुद्ध मोर्चा काढणे अवघड असते.

याच तालुक्यातल्या एका सभेत एप्रिल २०१३ मध्ये तत्कालीन उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी रात्रीचे लोडशेडिंग आणि वाढती लोकसंख्या यांचा संबंध जोडणारा विनोद केला होता. राज्यभर गदारोळ झाला, माफी मागितली गेली, कऱ्हाडला यशवंतराव चव्हाणांच्या समाधीपाशी एक दिवस आत्मक्लेशही झाला. विनोद मागे घेतला गेला. रातपाळी मागे घ्यायचे मात्र राहून गेले.

रात्री लाईट येते तेव्हा माणूस झोपलेला असतो, पण मोटर जागी असावी लागते. त्यासाठी ऑटो स्विच आहे. एका डीपीवरच्या, म्हणजे रोहित्रावरच्या, सगळ्या मोटरींना ऑटो स्विच असले, की लाईट आल्याक्षणी त्या एकदम उठतात, आणि डीपी कायमची झोपते. महावितरण सांगते, ऑटो स्विच काढा, कपॅसिटर बसवा. शेतकरी म्हणतो, काढतो की. मग रात्री दोनला बटण दाबायला कोण येतंय ते ठरवा. उसात बिबट्या फिरू लागल्यापासून या प्रश्नावर अद्याप कुणी हात वर केलेला नाही.

बिबट्यालाही चक्राकार पद्धत लागू करावी, अशी एक सूचना पारावर विचाराधीन आहे.

दरम्यान बारामती पुढे गेली आहे. तिथल्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने उसासाठी कृत्रिम बुद्धिमत्तेचा प्रयोग केला. शेतात सेन्सर, वर उपग्रह, हातात मोबाईल. उसाला कधी आणि किती पाणी हवे, ते मोबाईलवर कळते. २०२५ च्या सुरुवातीला मायक्रोसॉफ्टचे सत्या नडेला यांनी या प्रयोगाचे कौतुक केले, त्यावर इलॉन मस्क यांनीही शेरा मारला आणि जगाला बारामती नव्याने कळली. आता समजा, भर दुपारी एक वाजता मोबाईल वाजला: आपला ऊस तहानलेला आहे. उपग्रहाला कळले, अमेरिकेला कळले, आबांना कळले. लाईटला कळायला रात्रीचे बारा वाजतात.

खरे तर या बेटावर वीज पिकते. सोमेश्वर, माळेगाव, भवानीनगरचा छत्रपती, बिजवडीचा कर्मयोगी, शहाजीनगरचा नीरा-भीमा अशी साखर कारखान्यांची दाटी बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांत आहे, आणि सहवीजनिर्मिती हा आता अशा कारखान्यांचा रुळलेला जोडधंदा आहे. म्हणजे हिशेब असा: उसाला पाणी द्यायला मोटर, मोटरीला वीज, विजेसाठी बगॅस, बगॅससाठी ऊस आणि उसाला पुन्हा पाणी. बैलाने घाण्याभोवती फिरावे तसे युनिट फिरत राहते. फक्त एक अडचण आहे. बगॅस गाळपासोबत येतो, गाळप दिवाळीच्या सुमारास सुरू होऊन उन्हाळ्याच्या तोंडावर आटोपते, आणि मोटरींची खरी ओरड होते ती त्यानंतर. पुरवठा हिवाळ्यात, मागणी एप्रिल-मेमध्ये. दोघांची गाठ पडत नाही.

पाण्याचेही असेच. उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झाले. साठा ११७ टीएमसी, त्यातला निम्म्याहून अधिक मृतसाठा. धरणाची भिंत सोलापूर जिल्ह्यात, फुगवटा इंदापुरात. गावे बुडाली, पळसदेवचे जुने मंदिर बुडाले, आणि काठावर मोटरींची रांग लागली. उन्हाळ्यात पाणी मागे सरकते तशी मोटर पुढे सरकते: आणखी केबल, आणखी पाइप, मग पाणी मोटरीपर्यंत आणायला चारी. २०२४ च्या उन्हाळ्यात धरण उणे साठ टक्क्यांच्या जवळ गेले. अशा वेळी पळसदेवचे मंदिर पाण्याबाहेर येते, पर्यटक फोटो काढायला येतात आणि पाणी वाचवण्यासाठी काठावरच्या मोटरींची लाईट आणखी कापली जाते. मागणी वाढली की पुरवठा कमी करावा, हा अर्थशास्त्राचा नवा नियम या काठावर लागला. नोबेल समितीचे लक्ष अजून भिगवणच्या फ्लेमिंगोंपलीकडे गेलेले नाही.

उजनीत आणखी पाणी आले असते का? आले असते. भीमेच्या खोऱ्यात, सह्याद्रीच्या माथ्यावर टाटांची धरणे आहेत. त्यांतल्या मुळशी धरणाविरुद्ध सेनापती बापटांनी १९२१ च्या सुमारास सत्याग्रह केला होता. या धरणांचे पाणी पूर्वेला भीमेकडे येण्याऐवजी घाटाखाली भिरा, खोपोली आणि भिवपुरीला सोडले जाते, कारण तिथे त्याची वीज होते आणि ती वीज मुंबईला जाते. म्हणजे इंदापूरच्या वाट्याचे काही पाणी मुंबईत दिवा बनून जळते, आणि उरलेले पाणी उचलायला इंदापूरला दिवा मिळत नाही.

मुंबई हे विजेच्या भाषेतही बेटच आहे. राज्याचे जाळे कोसळले तर मुंबईला त्यापासून तोडून तिचे दिवे चालू ठेवायचे, या योजनेला अभियंते 'आयलँडिंग' म्हणतात. १२ ऑक्टोबर २०२० रोजी ही योजना कोलमडली, लोकल थांबल्या आणि मुंबईत अंधार झाला. चौकशी लागली, बैठका झाल्या, सायबर हल्ल्याचाही संशय घेतला गेला. इंदापुरात लाईट गेल्यावर आजवर परकीय शक्तींवर कुणी संशय घेतलेला नाही. फार तर वायरमनवर घेतात.

खऱ्याखुऱ्या बेटाची गोष्टही सांगायला हवी. मुंबईच्या डोळ्यांसमोरच्या घारापुरीला, जिथे परदेशी पाहुणे लेणी पाहायला जातात, कायमची वीज फेब्रुवारी २०१८ मध्ये मिळाली. त्यासाठी समुद्राच्या तळाशी साडेसात किलोमीटर केबल टाकावी लागली. तोवर संध्याकाळी काही तास जनरेटर, मग काळोख. स्वातंत्र्यानंतर सत्तर वर्षांनी तिथे लाईट आली, पण दिवसाही आली आणि रात्रीही. इंदापूरकरांना हे ऐकून किंचित हेवा वाटतो. त्यांच्याकडे तारा कधीच आल्या; तारांमधून काय यावे, याबद्दल एकमत व्हायचे आहे.

किती वीज लागते, हेही नक्की कुणाला ठाऊक नाही. राज्यातल्या लाखो शेतीपंपांना मीटर नाही; त्यांचे बिल अश्वशक्तीवर निघते. वीजगळती शेतीपंपांच्या नावावर टाकून वापर फुगवला जातो, असा आरोप वीजग्राहक संघटनेचे प्रताप होगाडे कैक वर्षे करत आले आहेत. चोरीचा आकडा तारेवर दिसतो. वहीतला आकडा दिसत नाही. त्यामुळे ज्या रात्री डीपी जळालेली होती त्या रात्रीही आबांनी कागदोपत्री भरपूर वीज वापरलेली असण्याची शक्यता आहे.

यावर २०२४ मध्ये तोडगा निघाला. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना पाच वर्षे मोफत वीज. राज्यातले ४४ लाख शेतकरी लाभार्थी. हा तोडगा निवडणुकीचे वर्ष बघून काढला, असे म्हणणे कोतेपणाचे ठरेल, कारण २००४ मध्येही मोफत वीज निवडणुकीआधीच आली होती आणि निवडणुकीनंतरच्या वर्षी गेली होती. योगायोग जुना आहे. उजनीकाठी कोसभर लांबून पाणी ओढणाऱ्यांच्या मोटरी मोठ्या, म्हणून ते योजनेबाहेर. बाकीच्यांना शून्य रुपयांचे बिल येते. रातपाळीत डीपी जळालेली असली, की बिल आणि लाईट दोन्ही शून्य. हिशेब तंतोतंत जुळतो.

आता नवी आशा सूर्याकडून आहे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात सोळा हजार मेगावॉट सौर वीज उभारून शेतीला दिवसा लाईट द्यायची आहे. पहिला तीन मेगावॉटचा प्रकल्प २०२४ मध्ये वैजापूर तालुक्यात धोंदलगावला सुरू झाला. सूर्य दिवसा असतो, हा शोध लागायला इतकी वर्षे का लागली, असे विचारू नये. दुपारची वीज इतकी मुबलक होऊ लागली आहे, की स्मार्ट मीटरवाल्या शहरी ग्राहकाला सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच या वेळेत दरात सूट मिळते. त्या वेळेत कपडे धुवावेत, असे त्याला सुचवले जाते. ज्या दुपारची वीज आबांना देणे परवडणार नाही असे वर्षानुवर्षे सांगितले गेले, तिच्यात आता पुण्यातले शर्ट स्वच्छ होत आहेत.

तेव्हा वाचकांपैकी कुणी या भागात पाहुणे म्हणून निघणार असेल, तर आधी फोन करून पाळी विचारून घ्यावी. दिवसपाळी असेल तर जेवायलाच जावे. रातपाळी असेल तर सोबत चांगली बॅटरी आणि जाड काठी न्यावी. यजमान बारानंतर उसात भेटतील.