पाय न टेकता

मोटरसायकल लवकर पोहोचण्यासाठी असते, ही कोल्हापुरात पक्की झालेली माझी समजूत यॉर्कशरमध्ये आल्यावर मोडीत निघाली. इथे कीथली, सिल्सडेन, स्किप्टन या पट्ट्यात रविवारी सकाळी काही माणसं मोटरसायकल व्हॅनमध्ये चढवतात, व्हॅन एखाद्या शेतकऱ्याच्या माळावर नेऊन उभी करतात आणि मग दिवसभर ओढ्यातल्या दगडांवरून इतक्या सावकाश जातात, की शेजारून चालणारा माणूस त्यांच्या पुढे निघून जाईल. संध्याकाळी मोटरसायकल पुन्हा व्हॅनमध्ये. बायकोने हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा विचारलं, "एवढं करून ते जातात कुठे?" कुठेच जात नाहीत. त्याच दहा ठिकाणांवरून चार-चार वेळा फिरतात, इतकंच.

या खेळाला ट्रायल्स म्हणतात. गणेशोत्सवात मंडळाच्या पटांगणात हळू सायकल चालवायची स्पर्धा असते, तिला दगड, चिखल, उभा चढ आणि यॉर्कशरचा पाऊस जोडला की ट्रायल्स झालीच म्हणायची. फरक एवढाच, की पाय टेकला म्हणून इथे कोणी बाद होत नाही, गुण लागतात. एकदा टेकला की एक, दोनदा टेकला की दोन, त्यापुढे कितीही वेळा टेका, तीनच. पडलात, इंजिन बंद पडून अडकलात किंवा आखलेल्या हद्दीबाहेर गेलात तर पाच. पाय न टेकता पार झालात तर शून्य, आणि त्या शून्यासाठीच सगळा खटाटोप. दिवसअखेर ज्याच्या नावावर सगळ्यात कमी गुण, तो जिंकला. आयुष्यभर गुणपत्रिकेवर जास्तीत जास्त आकडा पाहायची सवय लागलेल्या माणसाला हे पचायला वेळ लागतो.

मी गाडी चालवत नाही. मी ओढ्याकाठी उभा राहून गुण लावतो. हे काम करणाऱ्याला ऑब्झर्व्हर म्हणतात आणि ते काम माझ्या गळ्यात पडलं ते शेजाऱ्यामुळे. शेजारी निवृत्त प्लंबर, सत्तरी ओलांडलेला, गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेला आणि अजून ट्रायल्समध्ये उतरणारा. "तुझ्याकडे चांगला रेनकोट आहे," एवढ्याच पात्रतेवर त्याने माझी निवड केली.

प्रत्येक कठीण जागेला सेक्शन म्हणतात. सुरुवातीला एक पाटी, शेवटी एक पाटी, मध्ये उजव्या हाताला लाल खुणा आणि डाव्या हाताला निळ्या. शिवाय नवशिक्यांची वाट वेगळी, मुरलेल्यांची वेगळी, म्हणजे एकाच ओढ्यात निरनिराळ्या रंगांचे बाण. स्वार आधी उतरून सेक्शन पायी चालून बघतात. दोघं-तिघं पाण्यात उभे राहून एकाच दगडाकडे इतका वेळ टक लावून पाहतात, की नव्या माणसाला वाटावं काहीतरी हरवलंय. मग कोणीतरी बुटाने तो दगड हलवून पाहतो, मान हलवतो आणि गाडीकडे परततो.

हे जवळून पाहण्यासारखं असतं. गाडीला बसायला सीटच नसते. माणूस फुटरेस्टवर उभा. इंजिन इतकं धिमं की एकेक ठोका मोजावा. क्लचवर एक बोट, पुढच्या ब्रेकवर एक बोट. शेवाळलेल्या दगडाला पुढचं चाक टेकतं, क्षणभर सगळंच थबकल्यासारखं होतं, मग गुडघे वाकतात, इंजिन एकदाच गुरगुरतं आणि चाक दगडावर चढतं. मागचं चाक मात्र घसरतं. माणूस अंग एका बाजूला टाकतो, गाडी दुसऱ्या बाजूला, आणि अशा वेळी त्याचा उजवा पाय फुटरेस्टवरून सुटून हवेत तरंगत राहतो. टेकेल का? टेकतो. टेकताना चेहऱ्यावर जे येतं, ते पाहून मला दरवेळी वाटतं, पेन्सिल खिशात घालावी. पण नाही. मी एक लिहितो. पेन्सिलच, कारण भिजल्या कागदावर पेन चालत नाही. आणि कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून पिशवीच्या आत हात घालून लिहायचं, ही युक्ती इथल्या एका आजीबाईंनी शिकवली. त्यांचा नवरा, मुलगा आणि नात तिघंही त्या दिवशी खेळत होते आणि तिघांनाही त्यांनी न कचरता पाच-पाच दिले होते.

मोठा वाद थांबण्यावरून. काही क्लब थांबलात की पाच असा नियम लावतात, काही क्लब थांबून तोल सावरायला मुभा देतात. ब्रिटनमध्ये या खेळाचा कारभार पाहणाऱ्या ऑटो सायकल युनियनच्या नियमावलीत दोन्ही प्रकार आहेत आणि शेजाऱ्याच्या मते निम्मी भांडणं त्यातूनच निघतात. कारण गाडी थांबली म्हणजे नेमकं काय? चाक फिरायचं थांबलं, की पुढे सरकायचं? धावत्या पाण्यात उभं राहून हे ठरवायचं असतं. संशय आला तर फायदा स्वाराला, असं मला सांगितलंय. त्यामुळे माझ्या सेक्शनवर जरा गर्दी असते.

सीट नाही म्हटलं तेव्हा आठवलं. कोल्हापुरात मामाच्या बुलेटला त्याने आयुष्यभर काही ना काही जोडलं. लेगगार्ड, जाड सीट, तिच्यावर कव्हर, दोन हॉर्न, झुलणारी झूल आणि मागे मडगार्डवर आजोबांचा आशीर्वाद. इथे उलटं. ट्रायल्सच्या गाडीवरून जे काढता येईल ते काढून टाकलेलं असतं. ती जेमतेम पासष्ट-सत्तर किलोची, टाकी दोन-तीन लिटरची, दिवा असला तर नावापुरता. टायरमधली हवाही काढलेली. रस्त्यावरच्या मोटरसायकलला पंचवीस-तीस पीएसआय हवा लागते. यांच्या मागच्या टायरात चार आणि पुढच्यात सहाच्या आसपास. नेहमीचा हवा मोजायचा गेज इतक्या खाली धड आकडाच दाखवत नाही, म्हणून खास कमी दाबाचा गेज घ्यावा लागतो. मऊ टायर दगडाला चिकटतो, त्याच्या आकाराप्रमाणे दबतो, म्हणून ही उठाठेव.

ही हवा भरायचा सोहळा पाहावा. व्हॅनचं मागचं दार उघडं, शेजारी गुडघ्यावर, गेज डोळ्यांपुढे. हवा थोडी जास्त. वाल्व्हवर नख दाबून 'फुस्'. आता कमी. हातपंपाचा एक दट्ट्या. पुन्हा जास्त. पुन्हा 'फुस्'. मग गेज खिशात टाकून तो टायर अंगठ्याने दाबून बघतो आणि समाधानाने उठतो. गेजवर विश्वास असता तर अंगठा कशाला, आणि अंगठ्यावर असता तर गेज कशाला, हे मी त्याला विचारत नाही.

हवेनंतर क्लच-ब्रेकचे लिव्हर. ते असे बसवायचे की उभं राहिल्यावर मनगट सरळ राहील आणि एक बोट आपोआप टोकावर येईल. हँडल किती पुढे किंवा मागे फिरवायचं यावर दोन शाळा आहेत आणि दोन्हींचे अनुयायी एकमेकांच्या हँडलकडे सहानुभूतीने पाहतात. मग स्प्रिंगा, माणूस फुटरेस्टवर उभा राहिल्यावर गाडी किती दबते ते पट्टीने मोजायचं. चिखल असेल तर अ‍ॅक्सिलरेटरची नळी सावकाश रेस देणारी, म्हणजे मूठ बरीच पिळली तरी इंजिन एकदम उसळणार नाही. काहीजण इंजिनाच्या फ्लायव्हीलला वजनाचं कडं जोडतात, ताकद आणखी बोथट व्हावी म्हणून. पैसे देऊन गाडीची चपळाई कमी करून घेणारी माणसं मी दुसरीकडे कुठे पाहिली नाहीत. शेवटी मनगटाला एक दोरी. तिचं दुसरं टोक गाडीला चुंबकाने चिकटलेलं. माणूस पडला की दोरी सुटते आणि इंजिन बंद. ही मात्र आवडीनिवडीची बाब नाही, ती सक्तीची.

मी भारतातला म्हटल्यावर शेजाऱ्याने पहिल्याच दिवशी बुलेटचा विषय काढला. मला वाटलं, हा आपल्याला खूश करतोय. पण बुलेटचा जन्मच या चिखलातला. 1948 साली रेडिचच्या रॉयल एनफिल्डने मागे स्प्रिंगा असलेली नवी बुलेट पहिल्यांदा लोकांपुढे आणली ती एका ट्रायल्स स्पर्धेत. त्या काळी मागचं चाक ताठ चौकटीत जखडलेलं असलं तरच पकड मिळते, अशी जाणत्यांची खात्री होती, त्यामुळे नाकं मुरडली गेली. त्याच वर्षी इटलीत सान रेमोला झालेल्या आंतरराष्ट्रीय सहा दिवसांच्या स्पर्धेत बुलेटवाल्यांनी ती खात्री पुसून टाकली. पुढे जॉनी ब्रिटन या पठ्ठ्याने 1952 आणि 1957 साली बुलेटवरच स्कॉटलंडची सिक्स डेज ट्रायल जिंकली. मद्रासला बुलेट बनू लागली ती 1956 मध्ये. मामाला हे कळलं असतं तर त्याने मडगार्डवर तेही लिहून घेतलं असतं.

ती स्कॉटिश सिक्स डेज ट्रायल 1909 पासूनची. हल्ली दर मे महिन्यात फोर्ट विल्यमला भरते आणि सहा दिवस माणसं डोंगरातून, दलदलीतून, ओढ्यांतून जातात. मध्ये मध्ये साधे रस्तेही लागत असल्यामुळे तिथे गाडीला नंबर प्लेट, विमा आणि स्वाराकडे रस्त्यावरचं लायसन्स लागतं. तिच्या खालोखाल मान आमच्या यॉर्कशरच्या स्कॉट ट्रायलचा. स्कॉट हे इथे गाव नव्हे, माणूस. शिप्लीचे मोटरसायकल कारखानदार आल्फ्रेड अँगस स्कॉट यांनी 1914 साली आपल्या कामगारांना आव्हान दिलं, की कारखान्यापासून डेल्समधून बर्न्सॉलपर्यंत गाडी नेऊन दाखवा. चौदा निघाले, नऊ पोहोचले. मालकाने सुट्टीच्या दिवशी कामगारांना खड्ड्यात पाठवण्याची ही बहुधा एकमेव गोष्ट असेल, जी कामगारांनी परंपरा म्हणून जपली.

आणि सिल्सडेनचे लॅम्पकिन. मार्टिन लॅम्पकिन 1975 चे ट्रायल्सचे पहिले जगज्जेते. त्यांचा मुलगा डगी 1997 ते 2003 सलग सात वर्षं जगज्जेता. या डगीने 2016 मध्ये आइल ऑफ मॅनच्या शर्यतीच्या रस्त्याचा साठेक किलोमीटरचा पूर्ण फेरा एका चाकावर केला. पाय न टेकण्याचा कंटाळा आला, म्हणून चाकही टेकायचं नाही असं त्याने ठरवलं असावं. 2007 पासून मात्र दीड दशकाहून जास्त काळ हे पद स्पेनच्या टोनी बोऊने सोडलेलं नाही, आणि तो विषय क्लबच्या चहाच्या टेबलावर जरा जपून काढावा लागतो.

आईला हे सगळं फोनवर सांगितलं. तिने दोनच प्रश्न विचारले. पहिला, "पडतात का रे?" पडतात, पण सावकाश. दुसरा, "आणि त्यांना पैसे कोण देतं?"

आई, तेच देतात. आधी क्लबची वर्गणी. मग ऑटो सायकल युनियनची वार्षिक नोंदणी. तिचा खर्च मागच्या एका टायरपेक्षा कमी. नुसता करून बघायचा असेल तर एका दिवसापुरती नोंदणीही मिळते. दर स्पर्धेची प्रवेश फी वीस पौंडांच्या आसपास. त्यात आयोजनाचा परवाना, विमा, शेतकऱ्याचा मोबदला आणि ऑब्झर्व्हरचं सँडविच असं सगळं बसवायचं. खाजगी रानातल्या स्पर्धेला रस्त्यावरचं लायसन्स लागत नाही, त्यामुळे विजेवरच्या चिमुकल्या गाड्या घेऊन शाळकरी पोरंही येतात. त्यांच्या अर्जावर आईबापांची सही लागते आणि सही करताना आईबापांचा हात पोरांच्या हातापेक्षा जास्त थरथरतो.

म्हणजे परवानगी स्वस्त. पैसे जातात ते बाकीच्यात. नवी गाडी सहा-सात हजार पौंडांच्या पुढे. जुनी दोन-अडीच हजारांत मिळते. मग तिचे बेअरिंग, क्लच, वाकलेलं हँडल. बूट वेगळे. व्हॅन हवीच, आणि व्हॅन घेतली की सगळ्या गल्लीचं सामान वाहावं लागतं, तो भाग निराळा. शेजाऱ्याच्या बायकोने एकदा हिशेब मांडायला घेतला होता. त्याने तिला आठवण करून दिली, की गोल्फ याहून महाग पडतं. त्याने गोल्फ कधी खेळायचा विचारही केला नव्हता, हे तिला ठाऊक होतं. पण वाद तिथे थांबला.

आणि जिंकलात तर काय? एक कप, छोटासा. बहुतेकांना तोही नाही. आईने यावर बराच वेळ काही म्हटलं नाही. मग म्हणाली, "पुष्कळ आहेत का रे असे?"

पुष्कळ आहेत. कमी आहेत ते ऑब्झर्व्हर. थंडी-पावसात दिवसभर उभं राहायला माणसं मिळत नाहीत, म्हणून काही क्लबांनी तोडगा काढलाय: स्वारांनी तिघा-चौघांच्या गटात जायचं आणि एकमेकांना गुण लावायचे. मी शेजाऱ्याला विचारलं, हे तर छानच झालं, मला रविवारी घरी झोपता येईल. अडचण काय? त्याने पंप व्हॅनमध्ये टाकला आणि म्हणाला, "ज्याच्या व्हॅनमधून घरी परतायचंय, त्याला पाच कोण लावणार?"