छत्रीमागून प्राग

युरोपातलं एखादं जुनं शहर गाइडच्या मागून पायी पाहणं हे काम सोपं आहे, असा एक सार्वत्रिक गैरसमज आहे. त्याला पूर्वतयारी लागते, शिस्त लागते आणि मुख्य म्हणजे खोटं ऐकताना चेहरा सरळ ठेवण्याची साधना लागते. सदर मार्गदर्शन प्रागपुरतं मर्यादित आहे. ‘रॉकस्टार’ सिनेमा आल्यापासून हे शहर आपल्याकडच्या तरुण मंडळींच्या यादीत आहे, आणि तरुण मंडळी जाऊन आली की वर्ष-दोन वर्षांत काका-काकूही निघतातच.

सर्वप्रथम मूत्राशय. जुन्या शहराच्या मुख्य चौकालगत टिन चर्च आहे आणि त्यात टायको ब्राहे या डॅनिश खगोलशास्त्रज्ञाची कबर आहे. १६०१ सालच्या ऑक्टोबरात हा गृहस्थ एका मेजवानीला गेला. भर पंगतीतून उठणं शिष्टाचाराला धरून नव्हतं म्हणून दाबून बसून राहिला, आणि अकरा दिवसांनी वारला. एवढ्या मोठ्या माणसाला एवढं साधं मरण लोकांना पटेना, त्यांना विषप्रयोग हवा होता. अखेर २०१० साली कबर उघडून अवशेष तपासले, तर पारा जीव घेण्याइतका निघाला नाही. उलट, तरुणपणी द्वंद्वात नाक गेल्यावर त्याने बसवलेलं, सोन्याचांदीचं म्हणून गाजलेलं नाक पितळेचं असावं, असं त्याच तपासणीत दिसून आलं. तात्पर्य, टूर सुरू होण्यापूर्वी जाऊन यावं. ‘मला आत्ता लागली नाही’ हे उत्तर ग्राह्य धरू नये.

जाऊन येण्यासाठी दहा-वीस कोरुनांची नाणी जवळ हवीत. चेक प्रजासत्ताक युरोपीय संघात असलं तरी तिथलं चलन युरो नाही, हे विमानात बसण्यापूर्वी घरातल्या प्रत्येकाकडून पाठ करून घ्यावं. चौकात ‘कमिशन शून्य’ अशा मोठ्या पाट्या लावलेली पैसे बदलण्याची दुकानं दिसतील. कमिशन खरोखरच शून्य असतं, जे काही असतं ते भावात. या दुकानदारांच्या कृपेने तिथे २०१९ साली कायदा बदलला आणि तीन तासांच्या आत व्यवहार रद्द करण्याची सोय झाली. तेव्हा पावती खिशात ठेवावी. चितळ्यांच्या पुड्याचं रबर बोटात अडकवून ठेवणाऱ्या समाजाला हे वेगळं सांगायला नको.

बूट जुने घालावेत. प्रागचे पदपथ लहान चौकोनी दगडांचे आहेत आणि नव्या बुटांचा ते पहिल्या अर्ध्या तासात सूड घेतात. इथे एक धक्का सोसण्याची तयारी ठेवावी: ज्या बाटाला आपण पिढ्यान्‌पिढ्या स्वदेशी समजून शाळेचे बूट घेतले, ती बाटा चेक. १८९४ साली झ्लीन गावात निघालेली. वेन्सेस्लास चौकात तिचं जुनं, काचेचं, अनेक मजली दुकान आहे. त्यासमोर फोटो काढायला हरकत नाही, पण ‘आपली बाटा’ असं मोठ्याने म्हणू नये.

आता गाइड. तो छत्रीवरून ओळखावा. ऊन असो, पाऊस असो, छत्री उघडी आणि उंच. टूर ‘फुकट’ असते, म्हणजे शेवटी जे द्याल ते. निघण्यापूर्वी गाइड सगळ्यांना हसायला लावून एक सामूहिक फोटो काढतो. हा फोटो पुष्कळदा आठवणीसाठी नसून हजेरीसाठी असतो. अशा धंद्यात बऱ्याच ठिकाणी गाइडलाच दर डोक्यामागे कंपनीला रक्कम मोजावी लागते. म्हणजे फुकट चालणारा प्रत्येक पाहुणा आधी त्याच्या खिशाला खार लावून चालत असतो. हे एकदा कळलं की त्याच्या विनोदांकडे पाहण्याची दृष्टी बदलते. तो विनोद करत नसून वसुली करत असतो.

पहिला मुक्काम जुन्या नगरपालिकेवरचं खगोलीय घड्याळ. सकाळी नऊपासून रात्री अकरापर्यंत दर तासाच्या ठोक्याला सांगाडा दोरी ओढतो, वरच्या खिडक्यांतून बारा प्रेषित फिरून जातात, शेवटी सोनेरी कोंबडा आरवतो. सगळा खेळ मिनिटभराचाही नाही. अनुभवी पर्यटकाने या वेळी घड्याळाकडे पाठ करून उभं राहावं. शेकडो माणसं माना वर करून, हात उंचावून, आपापल्या मोबाइलच्या पडद्यावर घड्याळ पाहत असतात. हे दृश्य जास्त टिकतं आणि खिसेकापूंवरही नजर राहते.

इथेच पहिली दंतकथा अंगावर येते. हानुश नावाच्या कारागिराने हे घड्याळ केलं. दुसऱ्या शहरासाठी त्याने असंच घडवू नये म्हणून नगरसेवकांनी त्याचे डोळे फोडले. मग आंधळ्या हानुशने आत हात घालून घड्याळ कायमचं बिघडवलं. ऐकणाऱ्यांतला मराठी माणूस लगेच ओळखतो की ही आपली ताजमहालाच्या कारागिरांचे हात तोडल्याची गोष्ट. त्याने ती गाइडला सांगू नये. गाइडला ठाऊक असतं. घड्याळ १४१० सालचं, ते केलं कादान्य गावच्या मिकुलाशने, हेही त्याला ठाऊक असतं. हानुश जवळपास ऐंशी वर्षांनंतरचा. पण मिकुलाशने काम केलं, पैसे घेतले आणि डोळ्यांसकट घरी गेला, या हकिगतीला टिप कोण देणार?

शंका विचारण्याचा अधिकार प्रत्येकाला आहे, तो एकदाच वापरावा. प्रत्येक गटात एक काका असे असतात ज्यांनी रात्री जागून वाचन केलेलं असतं. असे काका आपल्या गटात नाहीत असं वाटत असेल, तर ते आपणच नाही ना याची खातरजमा करावी.

सहचारिणीसाठी भाषांतर करताना आटोपशीर राहावं. नमुना:

“अहो, काय म्हणाला तो?”

“कुणाला तरी खिडकीतून फेकलं.”

“मघाशी सांगितलं ना ते?”

“ते १४१९ साली. हे १६१८ साली.”

“तेच लोक?”

“नाही गं. खिडकीही दुसरी.”

प्रागच्या इतिहासाला यापेक्षा फार जास्त लागत नाही.

घड्याळाशेजारच्या फरशीत पांढरे सत्तावीस क्रूस बसवलेले आहेत. नजर वर असल्यामुळे बहुतेक जण त्यांच्यावर उभे राहूनच घड्याळाचा व्हिडिओ काढतात. २१ जून १६२१ रोजी याच जागी हॅप्सबर्ग सम्राटाविरुद्ध उठलेल्या सत्तावीस पुढाऱ्यांना मारण्यात आलं. त्यांतल्या बारा जणांची मुंडकी चार्ल्स पुलाच्या बुरुजावर दहा वर्षं टांगून ठेवली होती. गाइड हे बहुधा घाईत सांगतो, कारण यात दंतकथा मिसळायला वाव नाही. आपण मात्र पाय जरा बाजूला घ्यावेत.

चौकातून ज्यू वस्तीकडे जाताना दोन्ही बाजूंना जाळावर फिरणाऱ्या दांड्यांवर साखर घोळलेला पाव भाजत असतो. नाव त्रदेल्निक, पाटी ‘प्राचीन बोहेमियन परंपरा’. प्रागमधली ही प्राचीनता स्मार्टफोनच्या वयाची आहे. याच नावाच्या ज्या खाऊला युरोपीय संघाचं भौगोलिक संरक्षण मिळालंय, तो शेजारच्या स्लोव्हाकियातल्या स्कालित्साचा. गाइड तळमळीने सांगतो, खाऊ नका. तळमळीने ऐकून घ्यावं आणि खावा. गरम असतो, गोड असतो, आतलं आइस्क्रीम बाहीवर सांडतं.

ज्यू वस्तीत गोलेम भेटतो. रब्बी ल्योव यांनी नदीच्या मातीचा माणूस घडवला, तो वस्तीची राखण करी, मग बिथरला, मग त्याचा प्राण काढून त्याला जुन्या-नव्या सिनेगॉगच्या माळ्यावर ठेवलं. रब्बी १६०९ साली वारले; गोलेम त्यांच्या नावावर चढला तो पुष्कळ नंतर. माळा बंद असतो, त्यामुळे कथा सुरक्षित आहे. जवळच ज्यू नगरगृहावर हिब्रू आकड्यांचं, उलट्या दिशेने चालणारं घड्याळ आहे, आणि ते चक्क खरं आहे.

याच वस्तीत पिंकास सिनेगॉग लागतं. तिथे तिकीट आहे म्हणून फुकटची टूर बाहेरूनच पुढे सरकते. दुसऱ्या दिवशी एकट्याने जावं. आतल्या भिंतींवर नाझींनी मारलेल्या सुमारे ७८ हजार चेक ज्यूंची नावं हाताने लिहिलेली आहेत. नावं, जन्मतारखा आणि शेवटची माहीत असलेली तारीख. इथल्यापुरत्या या लेखात सूचना नाहीत.

नदीकाठी रुडोल्फिनुम हे संगीतगृह दिसलं की जन्माने ज्यू असलेल्या संगीतकार मेंडेल्सोनच्या पुतळ्याची गोष्ट येणार, हे धरून चालावं. छपरावरच्या पुतळ्यांतला मेंडेल्सोन पाडा, असा नाझींचा हुकूम सुटला. कामगारांना मेंडेल्सोन ओळखेना, त्यांनी सर्वांत मोठ्या नाकाच्या पुतळ्याला दोर लावला, आणि तो निघाला हिटलरचा लाडका वाग्नर. यिर्शी वाइल यांची कादंबरी याच प्रसंगावर उभी आहे आणि तिच्यातूनच तो जगभर पोचला. गाइड मात्र तो असा सांगतो की जणू दोराचं दुसरं टोक त्याच्या आजोबांच्या हातात होतं. असं सांगता येणं हीच त्याची विद्या, आणि पैसे द्यायचे ते तिचे. तो स्वतः दोन वर्षांपूर्वी ऑस्ट्रेलियाहून आलेला असण्याची शक्यता नाकारता येत नाही, म्हणून आजोबांची चौकशी करू नये.

चार्ल्स पूल. पायाभरणी ९ जुलै १३५७, पहाटे ५ वाजून ३१ मिनिटांनी. वर्ष, दिवस, महिना, तास, मिनिटं ओळीने लिहिली की १, ३, ५, ७, ९, ७, ५, ३, १. इथे परदेशी पर्यटक आश्चर्याने ‘ओ’ करतात. आपण करू नये. गुरुजींना विचारल्याशिवाय स्कूटरही न घेणाऱ्यांनी ‘मग, मुहूर्त पाहायलाच हवा’ एवढीच मान हलवावी. हे आकडे अशा नेटकेपणाने बसवले ते विसाव्या शतकातल्या एका अभ्यासकाने, हे कानावर आलं तरी मान मध्येच थांबवू नये. चुन्यात अंडी घातली होती म्हणे. राज्यभरातून गाड्या भरून अंडी मागवली आणि वेल्वारी गावच्या लोकांनी वाटेत फुटू नयेत म्हणून ती उकडून पाठवली. ही गोष्ट खोटी असली तरी वेल्वारीकरांबद्दल आपुलकी वाटते. आपल्याकडे प्रत्येक तालुक्यात असं एक गाव असतं.

पुलावर तीस पुतळे आहेत, बरेचसे आता प्रतिकृती. गर्दी असते ती एकाच पुतळ्यापाशी. १३९३ साली राजाने यान नेपोमुक या धर्मगुरूला नदीत बुडवून मारलं. राणीने कबुलीजबाबात काय सांगितलं ते त्याने फोडलं नाही म्हणून, अशी दंतकथा. चर्चमधल्या नेमणुकीवरून राजा आणि आर्चबिशप यांचं भांडण लागलं होतं म्हणून, असा इतिहास. पुतळ्याखाली काशाच्या दोन चौकटी आहेत, दोन्ही हात लावून लावून चकचकीत झालेल्या. इच्छा पूर्ण करणारी नेमकी कोणती यावर गाइडांत एकमत नाही. तेहतीस कोटींचा अनुभव असणाऱ्यांनी वाद न घालता दोन्हींना हात लावावा.

मग तो क्षण येतो. गाइडचा आवाज मऊ होतो, छत्री मिटते, ‘तुम्हाला आवडलं असेल तर’ हे शब्द येतात. या वेळी अचानक पुलाच्या कठड्याचं शिल्प न्याहाळणं, फोन आल्यासारखं करणं, ‘सुट्टे यांच्याकडे आहेत’ म्हणून बायकोकडे बोट दाखवणं हे सर्व प्रकार त्याने पाहिलेले असतात. नोट घडी न करता द्यावी. घडी लहान नोटेचीच घालतात, हे जगात सगळीकडे ठाऊक आहे.

पैसे घेतल्यावर तो समोरच्या टेकडीवरच्या किल्ल्याकडे बोट दाखवून शेवटची गोष्ट सुरू करतो. २३ मे १६१८ला सम्राटाचे दोन कारभारी आणि त्यांचा चिटणीस तिथल्या उंच खिडकीतून फेकले गेले आणि तिघेही जगले. देवदूतांनी झेललं, असं कॅथलिक म्हणाले. उकिरड्यावर पडले, असं प्रोटेस्टंट म्हणाले. चिटणीस तडक व्हिएन्नाला जाऊन सम्राटाच्या कानावर घालून आला. पुढे त्याला सरदारकी मिळाली, तीही या उंच पडण्याचा उल्लेख करणाऱ्या बिरुदासह. या सगळ्यातून तीस वर्षांचं युद्ध पेटलं. ही सबंध टूरमधली सर्वांत अविश्वसनीय गोष्ट, आणि देवदूत वगळले तर खरी. नेमकी इथेच तो थांबतो, कारण खिडकी आतून पाहायची तर किल्ल्याची टूर वेगळी आणि तिला तिकीट आहे.

ती घ्यायची नसेल तर बावीस नंबरची ट्राम पकडावी, ती थेट टेकडीवर नेते. कागदी तिकीट चढल्याबरोबर पिवळ्या यंत्रात घालून शिक्का मारून घ्यावा. तपासनीस साध्या कपड्यांत असतात, आणि त्यांना दंतकथा चालत नाहीत.