सेटबॅकराव

सेटबॅकराव कॅलिफोर्नियात, त्यातही बे एरियात फार. फ्रीमाँट, सनीव्हेल, सॅन होजे या पट्ट्यातल्या कुठल्याही मराठी गणेशोत्सवात वड्यांच्या रांगेत उभे राहा, मागचा किंवा पुढचा, दोघांतला एक सेटबॅकराव निघतो. वय पन्नाशीच्या आसपास, नोकरी सॉफ्टवेअरमध्ये, घर १९६०च्या दशकातलं बैठं. घरामागे अंगण, अंगणात लिंबाचं झाड आणि झाडाशेजारी अजून न बांधलेलं एक दुसरं घर.

या दुसऱ्या घराचं सरकारी नाव ॲक्सेसरी ड्वेलिंग युनिट, बोलण्यात एडीयू. आपल्याच आवारात स्वयंपाकघर-न्हाणीघरासकट छोटंसं बिऱ्हाड. कोथरूडचे आई-बाबा आले की त्यांच्यासाठी, असं मूळ प्रयोजन.

कोणाकडे जेवायला गेले की बाकीची मंडळी टीव्हीसमोर बसतात आणि हे मागच्या कुंपणापाशी सेटबॅक, म्हणजे कुंपणापासून मोकळी सोडायची जागा, पावलांनी मोजत असतात. “बाजूला चार फूट सोडा, मागे चार फूट सोडा. तुमच्याकडे आठशे आरामात बसतात!” यजमानीणबाई दचकून भाताकडे बघतात. सेटबॅकराव चौरस फुटांविषयी बोलत असतात.

लोकांना रामरक्षा पाठ असते, यांना कायदे. घरटंचाईला कंटाळून राज्याने २०१७ पासून नियम सैल केले आणि १ जानेवारी २०२०ला तर दारच उघडलं. नियमात बसणारं आठशे चौरस फुटांचं सुटं घर गावाला अडवता येत नाही, कॉलनीच्या असोसिएशनला सरसकट बंदी घालता येत नाही, अर्ज पूर्ण असेल तर साठ दिवसांत निकाल द्यावा लागतो. साडेसातशेच्या आत राहिलं तर नव्या बांधकामावर गाव लावतं ती इम्पॅक्ट फी माफ, म्हणून सेटबॅकरावांच्या सगळ्या नकाशांवर ७४९ हा आकडा आहे. त्या वाचलेल्या एका फुटाविषयी ते बोलतात तेव्हा चेहऱ्यावर रिक्षावाल्याकडून सुटे परत मिळवल्याचं समाधान असतं.

मग प्रकार कोणता बांधायचा? इथे त्यांची स्प्रेडशीट उघडते.

सगळ्यांत स्वस्त म्हणजे गॅरेजचं घर करणं. भिंती, छप्पर, जमीन तयार. जुनी भिंत कुंपणाला चिकटलेली असली तरी चालते आणि गेलेल्या पार्किंगच्या बदल्यात नवी जागा दाखवावी लागत नाही. अर्थात मराठी गॅरेजात गाडी असतेच कुठे? तिथे गणपतीचं मखर, दिवाळीचे आकाशकंदील, ढोल-ताशा पथकाचे दोन ढोल, कपडे वाळत घालायची ट्रेडमिल आणि भारतात न्यायच्या रिकाम्या बॅगा. आई-बाबा गॅरेजात गेले तर मखर कुठे जाणार? मखर आई-बाबांसाठी ठेवलेल्या खोलीत जाणार. हा हिशोब तीनदा करूनही जुळलेला नाही.

दुसरा प्रकार ज्युनिअर. घरातलीच एखादी खोली, पाचशे फुटांच्या आत, छोटा ओटा आणि बाहेरून स्वतंत्र दार. “आणि न्हाणीघर सामाईक असलं तरी चालतं,” असं सेटबॅकराव उत्साहाने सांगतात. त्यावर वहिनी मान वर न करता एवढंच विचारतात, “कोणाला?”

तिसरा, घराला जोडून. चौथा, अंगणात सुटं. सुट्यासाठी सांडपाण्याचा पाइप अंगणभर खणत न्यायचा, घराचा विजेचा पॅनल जुना शंभर अँपिअरचा, तो दोनशेचा करायचा, वर सोलर. पाचव्या प्रकारात कारखान्यात तयार झालेलं घर ट्रकवर येतं आणि क्रेनने मूळ घराच्या डोक्यावरून उचलून मागे ठेवतात. याचे व्हिडिओ सेटबॅकराव रात्री अंथरुणात बघतात. पुढची पिढी कार्टून बघायची त्याच तल्लीनतेने.

खरा प्रश्न मात्र स्प्रेडशीटच्या एकाही रकान्यात नाही. कुंपणापासून किती लांब बांधायचं ते सरकारने सांगून ठेवलंय. सुनेच्या शेगडीपासून सासूची शेगडी किती लांब असावी, याबद्दल कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने अवाक्षर काढलेलं नाही. सेटबॅकरावांची ठाम समजूत की आईला जवळ हवं आणि बायकोला लांब. त्यामुळे ते कायम मधल्या भिंतीवर बसलेले.

एका रविवारी कोथरूडहून आईचाच फोन आला. “सुटंच बांध रे. आणि दाराला आतून कडी हवी. तुमच्याकडे फोडणी टाकली की छताचा तो भोंगा बोंबलतो, मग तू टॉवेल घेऊन त्याला वारा घालत उभा राहतोस. मला नाही बाई बघवत. आणि शेगडी ज्योतीची बघ, त्या काचेवर फुलके फुगत नाहीत.” वहिनी पलीकडून म्हणाल्या, “आई म्हणतात तेच बरोबर आहे.” सासू-सुनेचं असं एकमत पंचवीस वर्षांत झालं नव्हतं. निर्णय तिथेच व्हायला हरकत नव्हती. सेटबॅकरावांनी तो अभिप्राय म्हणून एका नव्या रकान्यात नोंदवला.

कारण तोवर दुसरी शंका आली होती. आई-बाबा व्हिजिटर व्हिसावर येणार, मुक्काम फार तर सहा महिने. ग्रीन कार्डाचं नाव काढलं की बाबा विचारतात, “आणि दर नोव्हेंबरला पेन्शनचा हयातीचा दाखला कोण देणार, तू?” म्हणजे उरलेले सहा महिने घर रिकामं. मग भाड्याने द्यावं. पण भाडेकरू! आजोबांच्या वाड्यातल्या भाडेकरूंनी तीन पिढ्या चहाच्या किमतीत काढल्या, हे सेटबॅकराव आईच्या दुधाबरोबर प्यायले आहेत. इथल्या भाड्याचा आकडा पाहून त्यांच्या तोंडाला पाणी सुटतं आणि भाडेकरू या शब्दाने त्याच तोंडाला कोरड पडते. दोन्ही एका वेळी होतं, त्यामुळे बोलणं थोडं अडखळतं.

मागच्या उन्हाळ्यात बाबा स्वतः आले. बांधकाम खात्यातून निवृत्त. त्यांनी आधी घराच्या भिंतीवर बोटाने टकटक केली. आतून पोकळ आवाज आला. “पुठ्ठा?” भूकंपात लाकडी सांगाडा लवचिक राहतो, म्हणून घरं अशी, हे मुलाने समजावलं. “हं,” बाबा म्हणाले. त्या ‘हं’ला खात्यात नापसंतीचा शेरा म्हणत असावेत. दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांनी स्वयंपाकघरातला मैदा घेतला, सुतळी बांधली, काटकोन साधला आणि लिंबाचं झाड वाचवून हिरवळीवर आखणीच करून टाकली. चहाच्या वेळेला दार कुठे, ओटा कुठे, सगळं ठरलेलं.

“बाबा, इथे आधी परवानगी लागते.”

“साठ दिवसांत देतात म्हणालास ना?”

“हो.”

“अर्ज कधी केलास?”

वहिनींना त्या क्षणी आत काहीतरी काम आठवलं.

शेजारच्या व्हिएतनामी गृहस्थांनी याच काळात कुठलीही स्प्रेडशीट न करता गॅरेजचं घर केलं, भाडेकरूही आला. सेटबॅकरावांनी जाऊन त्यांना खिडकीच्या जागेतली चूक दाखवून दिली. त्यांनी ऐकून घेतलं आणि पिशवीभर पेरू दिले.

आता सेटबॅकरावांकडे सल्ल्याला माणसं येतात. त्यांच्या सल्ल्याने दोघांची घरं उभी राहिली, एकाच्या घराची वास्तुशांतही झाली. तिथे जिलबी वाढता वाढता कोणीतरी विचारलंच, “तुमचं कुठवर आलं?”

“नवीन निघालंय ना,” सेटबॅकराव म्हणाले. “गावाने परवानगी दिली असेल तर मागचं घर वेगळं काढून विकतासुद्धा येतं. सॅन होजेत सुरू झालंय. म्हणजे सगळं परत मांडायला हवं. शिवाय जानेवारीत आणखी नियम बदलतायत, तोवर थांबलेलं बरं.”