डोकं कुणीकडे?

पायाळू माणसाला आमच्याकडे पूर्वी फार भाव होता. कुणाच्या कमरेत उसण भरली, की गल्लीतला पायाळू शोधून आणत आणि तो दुखऱ्या जागी हलकेच लाथ लावी. वडीलधाऱ्यांना लाथ मारून वर चहा मिळण्याची सोय दुसऱ्या कुणालाच नव्हती. त्याला जमिनीतलं गुप्तधन दिसतं म्हणत. वीज मात्र नेमकी त्याच्यावरच पडते अशी समजूत, त्यामुळे पावसात त्याच्या शेजारी कुणी थांबत नसे. एवढं सगळं कशापायी, तर जन्मताना पाय आधी बाहेर आले म्हणून!

आता पायाळू दुर्मीळच. २८ व्या आठवड्याच्या सुमारास चारातलं एखादं मूल पोटात डोकं वर करून बसलेलं असतं. दिवस भरेपर्यंत शंभरात तीन-चारच तशी उरतात, आणि त्यांतली बहुतेक सिझेरियनने येतात. बाकीची मधल्या काळात गुपचूप कोलांटी घेतात. गर्भाशय वर ऐसपैस, खाली निमुळतं. ढुंगण आणि दुमडलेले पाय यांना डोक्यापेक्षा जास्त जागा लागते, म्हणून वरची खोली त्यांना. इतकं समंजस जागावाटप पुढे भावाभावांत होत नाही, ते सोडा.

परवा भाचीबरोबर तपासणीला गेले होते. डॉक्टरबाईंनी तळहात एकमेकांवर चोळून आधी ऊब आणली, मग पोटाच्या वरच्या टोकाला चाचपलं. तिथे डोकं असेल तर ते टणक, गोल लागतं आणि हलकेच ढकललं की मानेवर एकटंच डुलतं. ढुंगण मऊ आणि बोजड. हललं तर अख्ख्या बाळाला घेऊन हलतं. मग दोन्ही कुशी. एकीकडे पाठीची सलग भिंत, दुसरीकडे कोपर-गुडघ्यांचे उंचवटे. ठोके पाठीच्या बाजूला नीट ऐकू येतात. लिओपोल्ड या जर्मन डॉक्टरच्या नावाने ही हातांची तपासणी आजही शिकवतात. सोनोग्राफीचं यंत्र खोलीत होतं. पण बाईंनी आधी बोटांना विचारलं, हे मला आवडलं.

मुलगा की मुलगी, हे सांगायला १९९४ च्या कायद्याने बंदी. ते उत्तमच झालं. पण नातेवाइकांची उत्सुकता कुठेतरी जायला हवी ना! ती सगळी आता दिशेकडे वळली आहे. घरी पाऊल टाकताच विचारणा सुरू झाली. "डोकं खाली आहे," भाची म्हणाली. "आमच्या घराण्यात सगळ्यांचीच खाली असतात," आत्याबाईंनी तिथल्या तिथे श्रेय घेतलं. पण तेवढ्यावर भागेना. तोंड आईच्या पाठीकडे असलं तर बाळंतपण सोपं जातं, पोटाकडे असलं तर कळा कमरेत येतात, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

"तोंड कुणीकडे आहे?"

"पाठ तुमच्याकडे आहे," भाची म्हणाली.

आत्याबाई काही क्षण विचारात पडल्या, आणि मग आत जाऊन लाडवाचा डबा घेऊन आल्या.