साय काढली की दूध जड होतं

गावच्या डेअरीवर सकाळी जे बोलणं चालतं, ते नवख्याला एखाद्या दवाखान्यातलं वाटेल. "किती लागली?" "साडेतीन." "आन् डिग्री?" "अठ्ठावीस." मग एक सुस्कारा. साडेतीन ही फॅट, म्हणजे स्निग्धांश. डिग्री म्हणजे लॅक्टोमीटरचा आकडा. सुस्कारा दराचा.

लॅक्टोमीटर ही पोटात वजन भरलेली काचेची नळी. ती दुधात सोडायची आणि मानेवर कुठपर्यंत दूध आलं ते वाचायचं. २८ वाचलं, तर दुधाची घनता १.०२८. जेवढ्या जागेत हजार ग्रॅम पाणी मावतं, तेवढ्यातच दूध एक हजार अठ्ठावीस ग्रॅम. सगळी भानगड या वरच्या अठ्ठावीस ग्रॅमांची.

दुधात सुमारे ८७ टक्के पाणीच असतं, अगदी प्रामाणिक माणसाच्या दुधातसुद्धा. बाकीच्यात दुधातली साखर, प्रथिनं आणि क्षार. डेअरीच्या बोलीत हे 'एसएनएफ', पाण्याच्या दीडपटीहून जड. आणि फॅट? ती पाण्याहून हलकी, ०.९३ च्या आसपास. म्हणजे दुधात कायमचं आघाडी सरकार आहे: एक पक्ष खाली ओढतो, दुसरा वर. लॅक्टोमीटर फक्त निकाल जाहीर करतो, कुणी कुणाला पाडलं ते सांगत नाही.

इथेच खरी गंमत आहे. दुधातली साय काढून घेतली, म्हणजे त्यातला सगळ्यात महागडा ऐवज लांबवला, की दूध हलकं होण्याऐवजी जड होतं. डिग्री तेहतीस-चौतीसवर चढते. निव्वळ लॅक्टोमीटरवर विसंबणारा म्हणेल, वा, काय कसदार दूध! मग त्यात शंभर लिटरमागे पंधरा-वीस लिटर पाणी घातलं की डिग्री मुकाट्यानं मूळ जागी येते. लोणी कढवून झालं, पाणी विकून झालं आणि नळी साक्षीला उभी. या धंद्यातल्या पहिल्या चतुर माणसाचं नाव इतिहासात नाही, पण पदार्थविज्ञान त्याला चांगलंच कळत होतं.

त्याच्यावर उतारा निघाला एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी. स्वित्झर्लंडच्या गेर्बरनं दुधात गंधकाम्ल घालून, नळ्या गरगर फिरवून फॅट वेगळी मोजायची रीत बसवली. आता दोन आकडे हाती आल्यावर तिसरा लपून राहत नाही. डिग्रीला चारनं भागा, फॅटचा पाव भाग मिळवा, वर ०.४४ टाका: एसएनएफ तयार. आपल्या सुस्काऱ्याचा हिशेब करा. अठ्ठावीसचे सात, साडेतीनचा पाव ०.८७५, अधिक ०.४४. झाले ८.३. गाईच्या दुधाचा दर ठरतो साडेतीन-साडेआठला. डिग्री एकोणतीस लागली असती, तर साडेआठ पार झालं असतं. एका डिग्रीसाठी दर कापला जातो.

त्यात दूध ताजं असणं हाही गुन्हाच. नुकत्याच काढलेल्या धारोष्ण दुधात बारीक हवा अडकलेली असते, फॅटही पातळ असते. काही तासांनी हवा निघून जाते, फॅट थिजते आणि डिग्री अर्ध्या-एकानं वर येते. दूध तेच, गाय तीच. म्हणून कोमट, फेसाळ दुधात घाईनं नळी बुडवणाऱ्याकडे शेतकरी ज्या नजरेनं बघतो, त्या नजरेला शास्त्राचाही पाठिंबा आहे.

उसाच्या रसाचं बरं आहे. त्यात तरंगणारा विरोधी पक्षच नाही. विरघळलेला ऐवज बहुतेक साखरेचाच, म्हणून साखर कारखान्यात घनतेवरून ब्रिक्स सरळ वाचता येतो: शंभर ग्रॅममध्ये वीस ग्रॅम साखर असली की घनता १.०८३. आणि बटाटा बघा. त्यात साखर नाहीच म्हटलं तरी चालेल, सगळा स्टार्च, पण पाचवा हिस्सा कोरडा ऐवज असलेल्या बटाट्याची घनतासुद्धा १.०८ च्या घरातच निघते. म्हणून वेफर्सवाले बटाटे मिठाच्या पाण्यात सोडून बघतात. बुडाला तो कामाचा, कारण त्यात पाणी कमी, तळताना तेल कमी पितो. हापूसचंही तसंच: तयार फळ पाण्यात बुडतं, कोवळं तरंगतं. आंब्याला यात कसला अपमान वाटत नसावा.

सगळ्यात हुशार मात्र आइस्क्रीम. त्यातला ऐवज दुधाहून जाड, तरी डबा हलका, कारण मिश्रण फेटताना त्यात हवा भरतात. हवेला फॅट लागत नाही, एसएनएफ लागत नाही, आणि ती कुठल्या गाईनं दिली हे कुणी विचारत नाही. ही हवा किती असावी यालाही कायद्यानं वेसण घातली आहे: आइस्क्रीमच्या एका लिटरचं वजन किमान ५२५ ग्रॅम हवं. डेअरीवर पाव डिग्रीसाठी भांडणारा आमच्यातलाच माणूस दुकानात तो डबा उचलतो, लिटरचे पैसे मोजतो, आणि वर विचारतो, "यात मोठा डबा नाही का?"