शेवटची पानं कुणी फाडली?

आमच्या गल्लीतल्या लायब्ररीत रहस्यकथांचं एक वेगळं फडताळ होतं आणि त्यातल्या पुस्तकांना दोन रोग हमखास जडलेले असत. पहिला रोग म्हणजे तिसऱ्याच पानावर पेन्सिलीनं लिहिलेलं ‘खुनी : डॉक्टर’. दुसरा, शेवटची पानं गायब. पहिल्यावर खोडरबराचा इलाज होता, जरी त्याचा उपयोग शून्य. दुसऱ्यावर इलाजच नव्हता.

अगाथा ख्रिस्तीचं ‘कर्टन’ मला दुसऱ्या रोगासकट मिळालं. लायब्ररीवाले काका बाईंच्या गुप्तहेर प्वारोला आयुष्यभर ‘पॉयरॉट’ म्हणत आले. पुस्तक हातात देताना त्यांचा आवाज थोडा उतरला होता. “शेवटचं आहे. पॉयरॉट जातो यात. जपून वाच.” पानं गेल्याचं मात्र बोलले नाहीत.

(पुढे सगळं फोडलेलं आहे. पुस्तक १९७५ सालचं आहे. अजून वाचलं नसेल तर चूक माझी नाही.)

माझ्या प्रतीत गोष्ट अशी होती. संधिवातानं लोळागोळा झालेला प्वारो चाकाच्या खुर्चीत बसून स्टाइल्सच्या बंगल्यात परत येतो. १९२० सालच्या पुस्तकातली त्याची पहिली केस इथेच घडली होती. आता तिथे पैसे घेऊन पाहुणे ठेवतात. जुना मित्र हेस्टिंग्जला तो सांगतो, इथे एक खुनी आहे, पण नाव सांगणार नाही. मग एक बाई विषानं मरतात. नॉर्टन नावाचा पक्षीनिरीक्षक कुलूपबंद खोलीत कपाळावर गोळी लागून मरतो. मग प्वारोही जातो. हेस्टिंग्ज रडतो. समाप्त.

खुनी कोण? पत्ता नाही. पुढची कित्येक वर्षं मी चारचौघांत ठामपणे सांगत असे की ख्रिस्तीबाईंना शेवट काही जमला नाही. पुस्तकं अर्धवट वाचून पूर्ण मत देण्याची सवय मला तेव्हापासूनची. तिच्याच जोरावर हे सदर चालतं.

पुढे फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवर धडधाकट प्रत मिळाली. शेवटी एक पत्र होतं. प्वारोच्या मृत्यूनंतर चार महिन्यांनी हेस्टिंग्जला मिळालेलं. त्यात कळतं की नॉर्टन स्वतः कुणाला बोट लावत नसे. गोड बोलून दुसऱ्यांच्या मनात खून पेरत असे. कायद्याच्या हाती लागेल असं त्यानं काही केलेलंच नव्हतं. म्हणून ज्यानं जन्मभर खुनाला माफी दिली नाही त्या प्वारोनं स्वतः नॉर्टनला गोळी घातली. तीही कपाळाच्या बरोब्बर मध्ये, कारण मिशीची दोन टोकं सारखी नसली तर बेचैन होणाऱ्या माणसाला कडेला गोळी मारणं कसं जमणार? आणि मग स्वतःची हृदयाची औषधं हाताच्या अंतरावरून दूर सरकवून तो देवाच्या न्यायाची वाट बघत पडून राहिला. ती प्रसिद्ध मिशीसुद्धा शेवटी खोटी होती. हेही पत्रातच.

कहर म्हणजे, विषानं मेलेल्या बाईंच्या कॉफीचा कप हेस्टिंग्जच्या हातून फिरला होता. गडी सहज म्हणून फिरतं टेबल फिरवतो आणि भलतीच बाई मरते. मालिकाभर ज्याला काही कळत नव्हतं, त्याला शेवटच्या भागात खूनही न कळता करायला लावणं, याला म्हणतात पात्राशी प्रामाणिक राहणं.

तर मुद्दा असा, की माझ्या फाटक्या प्रतीत गुप्तहेर मेला होता आणि तरी गोष्ट संपली नव्हती. नायकाला मारणं सोपं आहे, कुठलाही जिना त्याला पुरतो. ज्या गोष्टीवर त्यानं पहिल्या पुस्तकापासून धंदा केला, तिचाच हिशेब शेवटी त्याच्यापुढे येऊन पडला, तर वाचक पुस्तक मिटून गप्प बसतो. प्वारोचा पडला.

आता आर्थर कॉनन डॉईल बघा. हा माणूस होम्सला इतका कंटाळला होता की आईनं नको नको म्हणत असतानाही त्यानं १८९३च्या डिसेंबरात त्याला स्वित्झर्लंडला नेऊन धबधब्यात ढकललं. ढकलायला खलनायक हवा म्हणून मोरियार्टी आणला. हा मोरियार्टी त्याआधी एकाही गोष्टीत नव्हता. इतकी वर्षं लंडनमधल्या निम्म्या गुन्ह्यांचा सूत्रधार, आणि त्याचं नाव वाचकाला कळतं ते त्याच्या तेराव्याच्या दिवशी! लग्नाच्या पंगतीत शेवटच्या वाढीला येऊन मुलाचा मामा म्हणून मिरवणारे काही गृहस्थ असतात, त्यातला हा प्रकार.

शिवाय प्रेत सापडलं नाही. रहस्यकथेत प्रेत सापडलं नाही तर तो माणूस जिवंत असतो, हे आमच्या लायब्ररीतल्या सातवीच्या पोरांनाही ठाऊक होतं. वाचक खवळले. ‘स्ट्रँड’ मासिकाच्या वीस हजार वर्गणीदारांनी वर्गणी तोडली असं सांगतात. दहा वर्षांनी पैसा बोलला आणि १९०३ साली होम्स परतला. वाचला कसा? ‘बरित्सू’ नावाची जपानी कुस्ती येत होती म्हणून. असा प्रकार जपानात नाही. लंडनमध्ये एका इंग्रजानं ‘बार्टित्सू’ नावाचा एक प्रकार तेवढा काढला होता. म्हणजे पुनर्जन्म झाला तोही मुद्रणदोषासकट.

गंमत म्हणजे डॉईलना चांगला शेवट सापडला होता. १९१७ सालच्या गोष्टीत ससेक्समध्ये मधमाश्या पाळत बसलेला साठीचा होम्स पहिल्या महायुद्धाच्या तोंडावर एका जर्मन हेराला पकडतो, वॉटसनबरोबर गच्चीत उभा राहून समुद्राकडे बघतो. गोष्टीचं नावच ‘शेवटचा नमस्कार’ अशा अर्थाचं. झाली की भैरवी! पण बुवांनी भैरवी आटोपून पुन्हा तंबोरे लावायला घेतले आणि १९२७पर्यंत आणखी ख्याल गायले. त्यातली शेवटची गोष्ट आज कुणाला आठवते? मला आठवते, पण मला काही काम नसतं.

ख्रिस्तीबाई हुशार. त्याही प्वारोला कंटाळल्या होत्या आणि त्यांनी ते कधी लपवलं नाही. त्यांनी ‘कर्टन’ लिहिलं दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, बॉम्ब पडत असताना, आणि ठेवलं तिजोरीत. हक्क मुलीच्या नावे. विमा पॉलिसीच ती. नंतरची तीसेक वर्षं त्या त्याच माणसाची नवनवी पुस्तकं लिहीत राहिल्या, त्याचा मृत्यू कपाटात लिहून तयार असताना. १९७५ साली ते बाहेर आलं, ‘न्यू यॉर्क टाइम्स’नं प्वारोची मृत्युवार्ता पहिल्या पानावर छापली आणि पुढच्या जानेवारीत बाईही गेल्या. माझं मत साफ आहे : लांबलचक मालिकेचा शेवट लेखकानं अंगात धग असताना लिहून ठेवावा. दमलेला लेखक शेवट लिहीत नाही, राजीनामा लिहितो.

नाहीतर काय होतं ते अमेरिकेच्या सू ग्राफ्टनबाईंनी दाखवलं. किन्सी मिलहोन ही त्यांची खासगी गुप्तहेर. १९८२ साली पहिलं पुस्तक ‘ए’चं, मग ‘बी’चं, अशी इंग्रजी मुळाक्षरं घेत पस्तीस वर्षांत पंचवीस पुस्तकं. २०१७ साली ‘वाय’ आलं आणि त्याच डिसेंबरात बाई गेल्या. ‘झेड’ राहिलं. दुसऱ्या कुणाच्या हातून ते लिहून घ्यायला घरच्यांनी नकार दिला. आमच्यापुरती मुळाक्षरं ‘वाय’लाच संपली, असं त्यांच्या मुलीनं जाहीर केलं. याला मी शेवटच मानतो, आणि अव्वल मानतो. ही मालिका मराठीत असती तर ‘ङ’लाच अडकली असती, ही गोष्ट वेगळी.

असा नकार सगळ्यांना परवडत नाही. रेमंड चँडलर १९५९ साली फिलिप मार्लोची चार प्रकरणं लिहून वारला, तर तीस वर्षांनी दुसऱ्यानं ती पुरी केली. प्वारोसुद्धा २०१४पासून दुसऱ्या लेखिकेच्या हाताखाली पुन्हा कामावर आहे. सेवानिवृत्तीनंतर मुदतवाढ ऐकली होती, अंत्यविधीनंतरची ही पहिलीच.

आपल्याकडे हा प्रश्न आलाच नाही. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. त्यांचा गुप्तहेर धनंजय आणि त्याचा छोटू यांना शेवटची केस अशी नव्हतीच. मालिका संपत नसे, वाचक मॅट्रिक होऊन नोकरीला लागत असे.

शेवटाचा खरा घोळ घडला तो एका बंगाली पुणेकराच्या बाबतीत. ब्योमकेश बक्षीचे जनक शरदिंदू बंद्योपाध्याय सिनेमासाठी मुंबईत आले आणि १९५२ साली पुण्यात येऊन राहिले. कलकत्त्याच्या गल्ल्यांतले कितीतरी खून पुण्यात बसून झालेले आहेत. १९७० साली ते ‘बिशुपाल बध’ लिहीत होते. नाटक चालू आहे, रंगमंचावर कीचकवध होतो, आणि कीचक झालेला नट खरोखरच मेलेला निघतो. (कीचकवध म्हटल्यावर आपल्याला खाडिलकर आठवणार आणि इंग्रज सरकारची बंदी. तो कीचक कर्झन होता, हा नुसताच बिशू पाल.) इतकं झाल्यावर लेखकच गेले. गोष्ट अर्धी. पुण्यात राहून माणूस वाक्य अपुरं सोडून जातो, हेच मुळात संशयास्पद.

पुढे नारायण सान्यालांनी ती पुरी केली. पण मला तिची तितकी गरज वाटली नाही. ब्योमकेशचं लग्न एका केसमधून जमलं होतं, त्याला मुलगा होता, मित्र अजितबरोबर त्यानं पुस्तकांचं दुकान थाटलं होतं. नंतर नंतर तर गोष्ट सांगायचं काम अजितकडून काढून घेतलं, कारण तो धंद्यात गुंतला होता. मदतनिसाला प्रकाशक करून टाकलं की तो लिहायचा आपोआप बंद होतो. संसार मार्गी लागलेला असला की माणसाची शेवटची फाइल टेबलावर उघडी राहिली तरी चालतं.

राहता राहिली माझी फाटलेली पानं.

लायब्ररी बंद झाली तेव्हा काकांनी फडताळ विकायला काढलं. मी गेलो आणि ‘कर्टन’ची ती जुनी प्रत उचलली. म्हटलं, काका, ही पानं कुठल्या गाढवानं फाडली हो? ज्यानं फाडली त्यानं नेमकं पत्रच उडवलंय. एक ओळ इकडे नाही, एक ओळ तिकडे नाही. पट्टी लावून फाडल्यासारखं.

काका सुतळी बांधत होते. मान वर न करता म्हणाले, “पॉयरॉट खून करणार नाही.”