जावा कापू पाहणाऱ्या गृहस्थांस जाहीर पत्र

प्रति,
श्रीयुत नवे जावामालक
(नाव छापत नाही, एकाच सोसायटीत राहायचं आहे.)

विषय: आपल्या १९७० सालच्या जावा मोटारसायकलवर होऊ घातलेल्या शस्त्रक्रियेस पाठिंबा.

संदर्भ: पार्किंगमध्ये आपण आणि आपल्या डिझायनर मित्रांनी रात्री उशिरापर्यंत, तिसऱ्या मजल्यापर्यंत ऐकू येईल अशा आवाजात केलेली चर्चा.

महोदय,

सर्वप्रथम अभिनंदन. ‘फुल रिस्टोअर्ड, पेपर क्लिअर, फक्त हौशी माणसासाठी’ अशी गाडी आपण घेतलीत. तेवढ्या पैशांत शोरूममधून कोरी गाडी आली असती आणि तिच्यासोबत बटणस्टार्ट, डिस्क ब्रेक आणि मनःशांतीही आली असती. त्याऐवजी आपण अशी गाडी निवडलीत, जिला थांबवायचं तर निर्णय आदल्या चौकातच घ्यावा लागतो. सहा व्होल्टच्या डायनामोवर तिचा हेडलाइट देवघरातल्या निरांजनासारखा तेवतो. त्या उजेडात रस्ता दिसत नाही, पण रस्त्याबद्दल भक्तिभाव उत्पन्न होतो.

आणि हँडलला घातलेला झेंडूचा हार पुरता वाळतोय न वाळतोय तोच आपण ती कापायला काढलीत.

माझा या निर्णयाला पूर्ण पाठिंबा आहे. ए विंगमधले काही ज्येष्ठ नागरिक हळहळत होते, त्यांच्याकडे लक्ष देऊ नका. त्यातल्या निम्म्यांनी आयुष्यभर लूना चालवली. शिवाय हळहळायला पैसे पडत नाहीत. आपण रोख मोजलेत.

फक्त कटर चालवण्याआधी आपण नेमकं काय विकत घेतलं ते एकदा बघून घ्यावं, एवढीच सूचना. आयडियल जावाचा कारखाना म्हैसूरच्या यादवगिरीत १९६१ मध्ये सुरू झाला. रुस्तम आणि फारोख इराणी यांनी चेकोस्लोव्हाकियातली ही गाडी आधी आणली, मग इथंच बनवायला घेतली. सिलेंडर एकच, पण त्याला एक्झॉस्ट दोन, म्हणून दोन्ही अंगांना एकेक लांब सायलेन्सर. चेन पूर्ण बंद डब्यात, त्यामुळे धोतर, लेंगा, पांढरी पँट यांपैकी कशालाही ग्रीस लागत नाही. मागचा मडगार्ड चांगला खोल. गिअरचा दांडा आत ढकलून फिरवला की त्याचीच किक होते, आणि गिअर टाकताना पायाच्या दाबानंच क्लच सुटतो, हात लावावा लागत नाही. ज्यांनी ही गाडी योजली त्यांच्या नजरेसमोर चिखलातून कामावर जाणारा आणि संध्याकाळी त्याच कपड्यांत घरी येणारा माणूस होता. फोटो काढून घेणारा माणूस तेव्हा वेगळा नव्हता. तो वर्षातून एकदा स्टुडिओत जात असे, तोही बसने.

आता रिस्टोरेशनकडे येऊ. विकणाऱ्यानं आपल्याला गाडीचा इतिहास सांगितला आणि आपण तो आम्हा सर्वांना सांगितलात: पहिले मालक तालुक्याच्या गावचे शिक्षक, मग एक दूधवाले, मग कोंबड्यांच्या खुराड्याशेजारची अज्ञातवासातली काही वर्षं. आपण गाडी घेण्याआधीचे फोटोही दाखवलेत. त्यात काय काय होतं ते आठवतं का? सुंभ गुंडाळलेला लेग गार्ड. साडी गार्ड. मागं लोखंडी कॅरिअर आणि त्याला दोन्हीकडे किटल्या अडकवायचे हूक, तेही गावातल्या वेल्डरनं अंदाजानं ठोकलेले. टाकीवर रेक्झिनचं कव्हर. डबल सीटवर आणखी एक सीट कव्हर, कारण आपल्याकडे कव्हरलाही कव्हर लागतं. मडफ्लॅपवर ‘आईचा आशीर्वाद’.

यातलं काहीही म्हैसूरहून आलं नव्हतं. म्हणून रिस्टोअर करणाऱ्यानं ते सगळं उपटून टाकलं, वेल्डिंगच्या खुणा घासल्या, डेंटिंग-पेंटिंग केलं, निकल-क्रोम चढवलं, सिलेंडर रिबोअर करून ओव्हरसाइज पिस्टन घातला आणि गाडी ‘ओरिजिनल’ झाली. म्हणजे शिक्षक गेले, दूधवाले गेले, कोंबड्याही गेल्या. राहिली ती कारखान्याच्या दारातून नुकतीच बाहेर पडलेली, कुठंही न गेलेली गाडी. या गाडीचं कस्टमायझेशन एकदा होऊन गेलं होतं, महाशय. बायको मागं बसते, दूध डेअरीत पोचवायचं असतं, या कारणांनी झालं होतं आणि ते करताना कुणी मूडबोर्ड केला नव्हता. ते निघालं म्हणून गाडीची किंमत वाढली. ती वाढलेली किंमत आपण भरलीत, आणि आता गाडीला ‘कॅरॅक्टर’ नाही म्हणून आणखी भरणार आहात. अर्थव्यवस्था अशाच माणसांवर चालते. मी मनापासून म्हणतोय.

आपल्या चर्चेत पहिला प्रस्ताव कॅफे रेसरचा होता. उत्तम. पन्नास-साठच्या दशकांत लंडनच्या नॉर्थ सर्क्युलर रस्त्यावरच्या एस कॅफेबाहेर पोरं जमत. ज्यूकबॉक्सवर गाणं लावायचं आणि ते संपायच्या आत ठरल्या ठिकाणी जाऊन परत यायचं, अशा शर्यती लागत असं सांगतात. त्यासाठी हँडल खाली, पाय मागं, सीट एकाची. पण कॅफेसाठी आपल्याला लंडनला जायची गरजच नव्हती. जावा इथं आणणारेच इराणी. १९७३ पासून त्यांच्या गाड्यांवर येझदी हे नाव आलं, ते इराणातल्या यझ्दवरून. आणि मुंबई-पुण्याच्या कितीतरी इराणी हॉटेलवाल्यांची मुळंही त्याच मुलखातली. म्हणजे या गाडीचा खानदानी कॅफे म्हणजे धोबीतलावचं कयानी किंवा डेक्कनचं गुडलक. तिथं बन मस्का खायला बाक हवा, मागं मित्र हवा, म्हणजे डबल सीट हवी. आणि गुडलकपासून शर्यत लावायची तर फर्ग्युसन रस्ता एकेरी आहे. जंगली महाराज रस्त्यानं वर जाऊन, सगळे सिग्नल पाळून परत यायचं तर गाणं पुरणार नाही, कव्वाली लावावी लागेल.

आणि पाय मागं नेण्याचं काय करणार? रिअरसेट लावले की गिअर सळईनं मागं जोडावा लागतो. पण गिअरचा दांडा हीच किक आहे हे मघाशी सांगितलं. बटणस्टार्ट नाही. तेव्हा रोज सकाळी गेटपासून ढकलस्टार्ट. आपल्या वॉचमनला याची आगाऊ कल्पना द्यावी. तो हाडाचा गरीब आहे.

दुसरा प्रस्ताव बॉबरचा. मडगार्ड छाटायचे, सीट एकच, तीही सायकलच्या बेताची. दिसतं छान, यात वाद नाही. जूनमध्ये आपल्या शर्टावर मागच्या चाकानं कमरेपासून मानेपर्यंत चिखलाचा पट्टा ओढला, की तेही एक प्रकारचं कस्टम पेंटच. एक किरकोळ अडचण सांगून ठेवतो. केंद्रीय मोटार वाहन नियमांत १२३ क्रमांकाचा नियम आहे. मागं बसणाऱ्याला धरायला काही हवं, पाय ठेवायला जागा हवी, आणि त्याचे कपडे चाकात अडकू नयेत म्हणून मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झाकलेला हवा. म्हणजे ज्याला आपल्या डिझायनर मित्रानं ‘ते मिडलक्लास जाळीकाम’ म्हटलं, त्या साडी गार्डची काळजी प्रत्यक्ष भारत सरकारनं वाहिलेली आहे.

सरकारचा विषय निघालाच आहे तर तो उरकून टाकू. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, कंपनीनं ठरवलेल्या आणि आरसीत नोंदलेल्या तपशिलांपासून गाडी वेगळी होईल असे बदल करता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयानंही जानेवारी २०१९ मध्ये हेच बजावलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी तरतूद झाली. बदल नेमका कशाला म्हणायचं यावर आपलं आणि चौकातल्या हवालदाराचं एकमत होईलच असं नाही, आणि त्या चर्चेत शिट्टी त्याच्याकडे असते. शिवाय २०२१ पासून पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळी नोंदणी मिळते. फी २०,००० रुपये, नव्या नंबरात ‘व्हीए’ अक्षरं, आणि जुना नंबर असेल तर तो ठेवता येतो. आपली गाडी वयात बसते. अट एवढीच की चेसिस, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा. अर्थात व्हिंटेज नोंदणी घेतली तर रोजच्या वापराला बंदी. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल आणि दुरुस्ती एवढ्यापुरतीच गाडी रस्त्यावर. म्हणजे न कापता ठेवली तर फिरवायची नाही आणि कापली तर पकडतील. असं असताना आपण कापण्याकडे झुकलात, हे मानी माणसाचं लक्षण आहे.

सायलेन्सरबद्दल मात्र थोडं थांबून बोललं पाहिजे, कारण तिथं आपले मित्र साफ अडाणीपणा करतायत. बुलेटवाले आतली जाळी काढून ठोका वाढवतात, आणि मग पोलीस ते सायलेन्सर रांगेनं मांडून रोडरोलरखाली घालतात. तो कार्यक्रम आता गणेशोत्सवाइतकाच नियमित झालाय. पण जावा टू-स्ट्रोक आहे. टू-स्ट्रोकला व्हॉल्व्ह नसतात. जळालेला धूर बाहेर जात असतो त्याच वेळी ताजं मिश्रण आत येत असतं आणि दोन्ही दारं काही क्षण एकदमच उघडी असतात. ताजं पेट्रोल धुराच्या मागोमाग निसटू नये म्हणून सायलेन्सरमधून उलट फिरणारी दाबाची लाट त्याला आत रेटते. सायलेन्सर पोकळ केला की ती लाटच बिघडते. आवाज वाढतो, पिकअप मरतो, पेट्रोल न जळता हवेत जातं. दोन सायलेन्सर काढून एकच आखूड नळकांडं वर वळवून लावण्याचा जो बेत आहे, त्यातून आपल्याला कमी ताकदीची जास्त गोंगाट करणारी गाडी मिळेल. राजकारणात याला मोठी मागणी आहे. रस्त्यावर चढ लागतात.

यापुढचा प्रस्ताव ऐकून मात्र मी खिडकीतच बसलो. पॅटिना! म्हणजे मरून रंग खरवडायचा, क्रोमची चमक मारायची आणि वर कलाकाराकडून गंज रंगवून घ्यायचा, जेणेकरून गाडी ‘जगलेली’ वाटेल. खरा गंज काढायला एकानं पैसे घेतले, आता खोटा चढवायला दुसरा घेणार. टाकीवर दूधवाल्याच्या गुडघ्यांनी घासून उमटलेले दोन अस्सल डाग होते हो. फुकट होते.

बाकी मुद्दे फुटकळ. मॅट ब्लॅक रंगाबद्दल मला म्हणायचं एवढंच की सोसायटीत मॅट ब्लॅक गाड्या आधीच पुष्कळ आहेत आणि रात्री त्यांना लोक अडखळतात. टाकीवर कवटी काढणार असाल तर तेराव्या मजल्यावरच्या आजींना आधी दाखवा.

एक गोष्ट मात्र खरंच करा, आणि केल्याचं कुणाला सांगू नका. वायरिंग संपूर्ण नवं घाला. सहा व्होल्टचं बारा करून घ्या आणि पॉइंट-कंडेन्सर काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवा. बाहेरून काही दिसत नाही आणि पावसात गाडी दगा देत नाही. टायर चांगले टाका. पंपावर आता वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि पन्नास वर्षांपूर्वीच्या रबरानं त्याचा कधी विचार केला नव्हता, तेव्हा नळ्या आणि वॉशर बदला. कुणी मिस्त्री भाग मिळत नाही म्हणाला तर नाना पेठेत दोन दिवस घालवा. तरीही नाही मिळाला तर कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगर आहे. तिथला लेथवाला जुना भाग हातात घेऊन वजन करतो, आपल्याकडे बघतो, चहा सांगतो आणि संध्याकाळपर्यंत नवा करून देतो. अशा कामाचा फोटो कोणी काढत नाही, म्हणून आपल्या मित्रांच्या यादीत ते नव्हतं.

जुलैतल्या दुसऱ्या रविवारी जगभरचे जावा-येझदीवाले आपला दिवस साजरा करतात. तिथं आपण कापलेली गाडी घेऊन गेलात तर लोक बोलणार नाहीत, कारण ते सभ्य आहेत. ते फक्त वाकून चेसिसवरचं वेल्डिंग बघतील, एकमेकांकडे बघतील आणि आपल्याला इडली देतील.

तरी आपण कापाच. कापायची तर माझ्या ओळखीचा गॅरेजवाला आहे, तो नट-बोल्टसुद्धा न मोडता भाग अलगद उतरवतो. उतरलेलं सामान मात्र भंगारवाल्याला देऊ नका. तो किलोवर घेईल आणि आपला अपमान होईल. मागचा मडगार्ड, चेनचा पूर्ण डबा (आतल्या रबरासकट), दोन्ही सायलेन्सर, डबल सीट आणि हेडलाइटचं खोकं, हे सगळं मी रोख घ्यायला तयार आहे. माझ्याकडे गावी गोठ्यात १९६८ ची एक उभी आहे, तिला नेमके हेच भाग नाहीत.

आपला,
तिसऱ्या मजल्यावरचा शेजारी

ता.क. डावीकडचा सायलेन्सर काल नीट बघितला. तळाशी बारीक चेपलाय. त्याचे दोनशे कमी धरावेत.